आधी कान, मग हात

"मॅडम, घशात काहीतरी अडकलंय." हे वाक्य मी फोनवर जितक्या वेळा ऐकलं आहे तितकं दुसरं कुठलंच ऐकलेलं नाही. पाटण तालुक्यात सरकारी दवाखान्यात होते तेव्हा ते म्हशीबद्दल, गायीबद्दल, बैलाबद्दल असायचं. आता पुण्यात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवते, तर ते पगबद्दल किंवा म्हाताऱ्या लॅब्राडोरबद्दल असतं. सांगणाऱ्याचं काही चुकत नाही. जनावर मान लांब करून उभं असतं, तोंडातून लाळेच्या तारा लोंबत असतात, श्वासाला आवाज येत असतो. बघणाऱ्या कुणालाही वाटेल की अडकलंय. पण खरोखरच काही अडकलेलं निघण्याचे प्रसंग त्यात थोडे. बाकीच्या वेळी तो घटसर्प निघतो, घशामागचं गळू निघतं, पाजलेलं औषध फुप्फुसात उतरलेलं असतं, स्वरयंत्राची पाकळी लुळी पडलेली असते, नाहीतर तो रेबीज असतो.

यातल्या प्रत्येकाचा उपाय निराळा, आणि जीव कुणाचा धोक्यात आहे हेही निराळं. म्हणून फोन आला की मी आधी एकच गोष्ट सांगते: मोबाइल जनावराच्या नाकापाशी धरा, आणि थोडा वेळ कुणी बोलू नका. गोठ्यात पोचल्यावरही तेच. लोकांना डॉक्टरने आल्या आल्या बॅग उघडलेली आवडते. मी दोन-चार हात लांब उभी राहून ऐकत असते तेव्हा त्यांची चुळबुळ सुरू होते, एखादा म्हातारा म्हणतोही, "बाई, बगताय काय, हात घाला की तोंडात." पण त्या उभ्या उभ्या ऐकण्यात अर्धं निदान होऊन जातं. जवळ गेलं, धरलं, की जनावर बिथरतं, श्वास वाढतो आणि आवाजाची मूळ जात हरवते.

ऐकायचं ते असं. आवाज श्वास आत ओढताना येतोय की बाहेर सोडताना? आत ओढताना येत असेल तर अडथळा छातीच्या वर आहे, म्हणजे नाकात, घशात, स्वरयंत्रात किंवा मानेतल्या श्वासनळीत. हवा आत ओढली जाताना या भागाच्या मऊ भिंती आतल्या बाजूला खेचल्या जातात आणि आधीच अरुंद झालेली जागा आणखी आवळते. बाहेर सोडताना जोर लागत असेल, पोट आवळून श्वास ढकलावा लागत असेल, तर दुखणं खाली छातीत आहे. दोन्ही वेळा सारखाच आवाज येत असेल तर काहीतरी टणक, न हलणारं मध्ये आहे. लोंबत्या टाळूची घरघर ओलसर असते. स्वरयंत्राची शिट्टी कोरडी आणि वरच्या पट्टीतली असते. नाकातला आवाज असेल तर कापसाचा पुंजका एकेका नाकपुडीपुढे धरावा. ज्या बाजूला तो हलत नाही ती बाजू बंद. गाय-म्हैस नाकानेच श्वास घेते. ती तोंड उघडून, जीभ बाहेर काढून श्वास घेऊ लागली की हाताशी वेळ फार थोडा उरलेला असतो.

पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की पाटण खोऱ्यात आमचे कान टवकारलेले असत ते घटसर्पासाठी. त्याचे जंतू, पाश्चुरेला मल्टोसिडा, काही धडधाकट जनावरांच्या घशातच वस्तीला असतात. उन्हाळ्यात वैरणीचे हाल झालेले, मग एकदम पाऊस, ओला गोठा, पेरणीची ओढ. अंगातली ताकद खचली की ते उसळी घेतात. गायीपेक्षा म्हैस लवकर बळी पडते. संध्याकाळच्या धारेला दूध कमी दिलेली म्हैस पहाटे 106 अंश तापाने फणफणलेली असते. जबड्याखालून छातीपर्यंत गरम, दुखरी सूज चढलेली, जीभ बाहेर आलेली आणि घरघर तर गोठ्याबाहेर रस्त्यावर ऐकू येणारी. बाहेर दिसते तेवढीच सूज आत घशाभोवतीही असते आणि जंतूंचं विष रक्तात पसरलेलं असतं. ताप चढलाय पण गळा अजून सुजलेला नाही, अशा वेळी शिरेतून प्रतिजैविक गेलं तर जनावर हाती लागतं. घरघर सुरू झाल्यावर बहुतेक जातात, पुष्कळदा दिवससुद्धा उलटत नाही.

तरुण डॉक्टरांना मी हे आवर्जून सांगते, कारण त्या घरघरीने माणूस तिच्याकडेच ओढला जातो. घर रडत असतं, म्हैस घरची लक्ष्मी असते, तिच्यासाठी जे करायचं ते करायचंच. पण ती घरघर खरा निरोप देते तो दावणीच्या बाकीच्या जनावरांबद्दल. एक म्हैस घरघरली की मी थर्मामीटर काढून शेजारच्या रेडकापासून सुरुवात करते. जे शांत उभं आहे, वैरण नुसती हुंगतंय, पण अंग तापलेलं आहे, ते वाचण्यातलं असतं. शेजारच्या गोठ्यातही जाऊन तेच करायचं, कुणी बोलावलेलं नसलं तरी.

आणि लस मे महिन्यात टोचायची. पाऊस सुरू झाल्यावर, पहिली म्हैस मेल्यावर गावात लशीसाठी रांग लागते, पण टोचल्यापासून अंगात ताकद तयार व्हायला दोन-तीन आठवडे जातात आणि आजार तेवढं थांबत नाही. "लशीनं दूध आटतं", "मानेला गाठ येती" हे मी गावोगाव ऐकलं. दूध एक-दोन दिवस थोडं कमी होतं, खरं आहे. गाठही येते, काही दिवसांनी जिरते. हे मी कधी लपवलं नाही. लपवलं की पुढच्या वर्षी लोक दाराला कडी लावतात. खरं सांगून, त्याच घरात गेल्या पावसाळ्यात काय झालं याची आठवण देऊन टोचलेली लस लोक पुढच्या वर्षी स्वतःहून मागतात.

घशाच्या वाटेत सुरी चालवण्याची वेळ गावाकडे फार येत नाही. आली तर ती बहुतेक वेळा उभ्या जनावरावर, अंगणात, सगळ्या आळीसमोर येते. असाच एक खिलार बैल होता. काही दिवसांपासून खाणं कमी, मान पुढे ताणलेली, आणि रात्रीतून श्वासाचा आवाज वाढलेला. आत ओढताना कर्कश, सोडताना जवळजवळ नाही. ताप बेताचा, गळ्याखाली पसरलेली सूज नाही, म्हणजे घटसर्प नाही. जबड्याच्या मागे दोन्ही बाजूंनी बोटं खोल दाबत गेले तेव्हा उजवीकडे आत टणक, दुखरा गोळा लागला आणि बैलाने दचकून मान झटकली. घशाच्या मागे गळू होतं आणि ते स्वरयंत्रावर दाब देत होतं. मालकाने मग सांगितलं की आठवड्यापूर्वी बैलाचं पोट दुखतंय म्हणून बांबूच्या नळकांड्याने तेल पाजलं होतं. नळकांड्याची कड चिरलेली होती. घशाला आतून ओरखडा गेला आणि तिथे पू धरला.

गळू फोडायचं तर बैल शांत हवा. गुंगीचं इंजेक्शन द्यावं तर गुराला झायलाझिन फार थोडं पुरतं, मान खाली जाते, घशाचे स्नायू सैल पडतात आणि जी चार बोटं वाट उरली होती तीही मिटली असती. पाडून बांधायचं तर आडवा होताच तो गुदमरला असता. तेव्हा उभ्यानेच श्वासनळीला दुसरं तोंड करणं एवढाच मार्ग होता. गावच्या खोड्यात त्याला घेतलं. मालकाने वेसण धरून तोंड वर उचललं. मानेच्या वरच्या भागात अगदी मध्यावर केस भादरले, जागा धुऊन घेतली, कातडीत लिग्नोकेन भरलं आणि ते भिनेपर्यंत थांबले. तो थांबण्याचा काळ मोठा वाटतो, कारण आवाज चालूच असतो. मग उभा छेद घेतला. कातडीखाली स्नायूंच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी असतात. त्या कापायच्या नाहीत, मधल्या रेघेत बोटाने विलग करायच्या. मध्यरेषा सोडली नाही तर रक्त जवळजवळ येत नाही. खाली नळीच्या पांढुरक्या कड्या दिसू लागल्या. दोन कड्यांच्या मधला पडदा आडवा कापला, घेराच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नाही. जास्त कापलं तर पुढे नळी तिथे आकसते.

हवा त्या भोकातून जोरात आत गेली, आणि तोंडाकडचा आवाज थांबला. बैलाच्या डोळ्यांचा पांढरा भाग इतका वेळ दिसत होता तो झाकला गेला. धातूची नळी बसवली, फितीने मानेभोवती बांधली. मग सुई घालून पू आहे याची खात्री करून गळू बाहेरून उघडलं. तिथून मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी आणि मज्जातंतू शेजारून जातात, म्हणून चाकू कमी आणि बोथट चिमटा जास्त चालवायचा.

मालक विचारत होता, "गळ्यातनं श्वास घेतोय, जगंल का वो?" मी म्हटलं, जगेल, पण ते तुमच्या घरच्यांच्या हातात आहे. नळीत चिकटा साठतो. ती सकाळ-संध्याकाळ काढून, उकळून, पुसून परत बसवावी लागते, माश्या बसू द्यायच्या नाहीत, धुळीत बांधायचं नाही. हे काम त्याच्या बायकोने इतकं नेटकं केलं की मी तपासायला जायची तेव्हा मला काही करायला उरत नसे. नळी असेतोवर बैल मुका होता, कारण हवा स्वरयंत्रापर्यंत जातच नव्हती. जोडीदार बैल शेतावरून परतला की हा तोंड उघडून मान पुढे काढायचा, हंबरण्याचं सगळं करायचा आणि आवाज काही निघायचा नाही. घरातली पोरं ते बघून कावरीबावरी व्हायची. सूज उतरल्यावर मी नळीचं तोंड तळव्याने बंद करून बघितलं. तो नाकाने सरळ श्वास घेत राहिला, तेव्हा नळी काढली. भोक शिवायचं नसतं, ते आपसूक आत ओढलं जाऊन भरतं.

त्या बैलाच्या दुखण्याचं मूळ पाजण्यात होतं, आणि पाजण्याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. आमच्याकडे जनावराला काही झालं की आधी काहीतरी पाजतात: गोडं तेल, हळद-गूळ, कुणी सांगितलेला काढा. डोकं वर उचलायचं, जीभ बाहेर ओढून धरायची आणि नळकांडं किंवा बाटली रिकामी करायची. श्वासनळीचं तोंड घशाच्या तळाशीच असतं. गिळताना जीभ मागे जाते, स्वरयंत्र वर उचललं जाऊन मिटतं आणि घास त्याच्यावरून अन्ननलिकेत जातो. जीभच धरून ठेवली तर जनावर गिळणार कसं? ओतलेलं सरळ खाली फुप्फुसात उतरतं. काढ्याने निदान ठसका लागतो. तेलाने तो नीट लागतही नाही, म्हणून कुणाला कळतही नाही. सगळ्यात वाईट अवस्था नुकत्याच व्यालेल्या, कॅल्शियम घटून बसलेल्या गायीची. तिची मान पोटाशी वळलेली असते, गिळण्याची ताकद गेलेली असते, आणि तिला उठवायला म्हणून लोक तेल पाजतात. शिरेतून कॅल्शियम दिलं तर अशी गाय बघता बघता उभी राहते. पण तोवर छातीत तेल गेलेलं असेल तर उभी राहिलेली गाय चार दिवसांत न्यूमोनियाने जाते. जी गाय स्वतः गिळू शकत नाही तिच्या तोंडात काहीही ओतू नये, पाणीसुद्धा. पाजायचंच असेल तर जीभ मोकळी हवी, तोंड जमिनीला समांतर हवं, थोडं थोडं द्यावं आणि खोकला आला की डोकं ताबडतोब सोडावं.

आता खरोखर अडकलेल्याबद्दल. आंब्याच्या दिवसांत कोय, एरवी बटाटा, बीट, मक्याचं कणीस. अडकतं ते अन्ननलिकेत, श्वासनळीत नव्हे, तरीही जनावर गुदमरून मरतं. मोठ्या गायीच्या पोटात तासाला 30 ते 50 लिटर वायू तयार होतो आणि तो ढेकरेवाटे बाहेर पडत राहतो. वाट बंद झाली की डावी भकाळी फुगत जाते, फुगलेलं पोट छातीचा पडदा पुढे रेटतं आणि फुप्फुसांना पसरायला जागाच उरत नाही. तेव्हा फुगी वाढत असेल तर आधी डाव्या भकाळीत ट्रोकार घालून वायू सोडायचा, कोयीचं नंतर. अन्ननलिका मानेत डाव्या बाजूला सरकलेली असते. तिथे हाताने चाचपलं की गोळा लागतो. बाहेरून दोन्ही हातांनी तो हळूहळू वर घशाकडे सारत न्यायचा, तोंडात आडणी घालून दुसऱ्याने काढायचा. लोक उसाचं कांडं किंवा प्लास्टिकचा पाइप खुपसतात. कोय खाली जाते खरी, पण बरोबर अन्ननलिका फाटते आणि ते जनावर मग कुणालाच वाचवता येत नाही.

पण हात तोंडात घालायच्या आधी एक प्रश्न सुटलेला असला पाहिजे, आणि मला सगळ्यात जास्त तळमळ आहे ती याच्याबद्दल. लाळ गळतेय, गिळता येत नाही, पण पोट फुगलेलं नाही. हंबरणं सारखं चालू आहे आणि ते घोगरं, फाटलेलं आहे. मागचे पाय लटपटतायत. अशा गायीच्या घशात काही अडकलेलं नसतं. तिचे गिळण्याचे स्नायू लुळे पडत असतात, कारण तिला रेबीज असतो. पिसाळलेलं म्हणजे अंगावर धावून येणारं, एवढंच लोकांच्या डोक्यात असतं. मुकं, सुस्त, लाळ गाळणारं, कुशीत घेता येईल असं पिसाळणं कुणी ओळखत नाही. कुत्र्यात तर खालचा जबडा लोंबतो आणि घरचे म्हणतात, हाड अडकलंय.

अशाच एका गायीकडे मी पोचले तेव्हा घरातल्या दोघांनी आणि शेजारच्या दोघांनी तिच्या घशात कोपरापर्यंत हात घालून पाहिला होता. ती दावणीला उभी होती, पाण्याच्या बादलीत तोंड बुडवत होती आणि पाणी तसंच परत सांडत होतं. मी दारातच थांबून तिचं हंबरणं ऐकलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं. कुत्रं चावलं होतं का, तर कुणी पाहिलं नव्हतं. अशा वेळी कुणीच पाहिलेलं नसतं, गाय माळावर चरत असते. शेतकऱ्याच्या हाताला खुरप्याचे, उसाच्या पात्याचे चरे असतातच, आणि लाळेतला विषाणू तेवढ्या चऱ्यातून शिरतो. साबण आणि वाहतं पाणी घेऊन पंधरा मिनिटं हात धुवायला लावले, स्वतः उभी राहून. मग ज्यांनी ज्यांनी तोंडाला हात लावला होता त्यांची नावं लिहून सगळ्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं. धार काढणारी सून मागे रेंगाळली होती, तिला वाटत होतं आपण घशात हात घातला नाही. तिच्या मनगटावर लाळ वाळलेली होती. तिलाही पाठवलं. त्वचेत टोचायची रेबीजची लस पहिल्या दिवशी, मग 3ऱ्या, 7व्या आणि 28व्या दिवशी घ्यायची, एकही चुकवायची नाही. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगाला जवळपास काहीच इलाज नाही, आणि त्याआधी लस पूर्ण घेतली तर माणूस वाचतो. गाय तीन-चार दिवसांत गेली. माणसं सगळी राहिली.

पशुवैद्यकाने स्वतःही ही लस आधीच घेऊन ठेवावी. गावोगावच्या प्रथमोपचारकांनी, दूध संघाच्या माणसांनी, गुरं धरणाऱ्या गड्यांनीही. घशातल्या प्रत्येक तक्रारीला हातमोजा घालूनच सामोरं जावं, आणि "घशात अडकलंय" म्हणणाऱ्याला फोनवरच सांगावं, मी येईपर्यंत तोंडात कुणी हात घालू नका. हेही मी फोनवरच सांगते, जनावर कसं आहे हे विचारण्याच्याही आधी.

तळ्या-डबक्यांच्या पाण्यावर जाणाऱ्या गुरांत आणखी एक आवाज ऐकू येतो, महिनोन् महिने चाललेलं घोरणं. पाण्यातल्या गोगलगायीतून एक रक्तकृमी कातडीवाटे अंगात शिरतो आणि नाकाच्या शिरांत घर करतो. नाकात आत खडबडीत वाढ तयार होते. 1933 मध्ये राव या मद्रासच्या संशोधकाने त्याचं वर्णन केलं, नाव शिस्टोसोमा नेझेल. बैल मरत नाही, पण ओढीला लावला की दमतो. शेतकरी त्याला सवयीचं घोरणं समजून सोडून देतो.

पुण्यात आल्यावर आवाज बदलले. इथे पग घोरतात आणि मालक त्यांचे घोरण्याचे व्हिडिओ कौतुकाने दाखवतात. मला ते ऐकवत नाही. पगचं तोंड आखूड करताना माणसाने कवटी लहान केली, पण आतली टाळू, जीभ, पडदे मूळ मापाचेच राहिले. घर लहान करून सामान तेवढंच ठेवावं तसं. नाकपुड्या चिरेएवढ्या, टाळू स्वरयंत्रावर लोंबणारी. वर्षानुवर्षं जोर लावून श्वास ओढल्याने स्वरयंत्राच्या बाजूच्या पिशव्या बाहेर उलटतात आणि वाट आणखी भरते. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. पगला धापच नीट टाकता येत नाही, म्हणून एप्रिल-मेच्या दुपारी दहा मिनिटांचा फेरफटका त्याच्या जिवावर बेततो. तसं झालं तर त्याला गार करून मगच आणावं: अंगावर पाणी, समोर पंखा, तोंडाला काही बांधायचं नाही. नाकपुड्या रुंद करणं आणि टाळू कापणं लहान वयात केलं तर कुत्र्याचं आयुष्य खरोखर बदलतं. पण दुसरा पग घेऊ का असं विचारलं तर मी नको म्हणते, आणि का ते त्याच्याच श्वासाचा आवाज ऐकवून सांगते.

अशा कुत्र्याला भूल देताना घशात नळी घालणं जेवढं जोखमीचं, तेवढंच ती काढणं. इतर कुत्रा गिळायला लागला की नळी काढतात. पगची मी तो डोकं उचलून इकडेतिकडे बघू लागेपर्यंत, नळी स्वतःच नको म्हणेपर्यंत ठेवते. नळीनिशी शांत बसलेला पग बघून सोबतच्यांना नवल वाटतं; बहुधा इतकी मोकळी हवा त्याला जन्मात मिळालेली नसते.

मांजराचं तंत्र उलट. त्याच्या स्वरयंत्राला नळी टेकली की ते घट्ट मिटतं आणि उघडत नाही. जोर केला की सूज, सूज आली की खेळ संपला. लॅरिंगोस्कोपच्या उजेडात दोन पांढरट पाकळ्या श्वासागणिक उघडताना-मिटताना दिसतात. त्यांच्यावर लिग्नोकेनचा एक थेंब सोडायचा आणि अर्धा-एक मिनिट हात आवरून थांबायचं. मग पाकळ्या उघडतील त्या क्षणी नळी आपसूक आत सरकते. नळीभोवतीचा फुगा बेतानेच फुगवायचा. मांजराची श्वासनळी जास्त फुगवल्याने फाटते. आणि धाप लागलेलं मांजर आलं तर आधी ऑक्सिजनच्या पेटीत ठेवून दार लावायचं. रक्त, एक्सरे, तपासणी नंतर. धरून तपासताना दगावलेली मांजरं सगळ्याच दवाखान्यांनी पाहिली आहेत.

संक्रांतीला मांजाने मान चिरलेल्या घारी येतात. पक्ष्याच्या श्वासनळीच्या कड्या पूर्ण गोल असतात, म्हणून तिथे फुगा नसलेलीच नळी वापरतात. नळीच निकामी झाली असेल तर पोटाजवळच्या हवेच्या पिशवीत छोटी नळी घालून पक्षी तिथून श्वास घेऊ शकतो. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या नळीच्या तोंडाशी कापसाचा धागा धरून तो हलताना बघत राहिले होते.

सध्या माझ्याकडे एक म्हातारा लॅब्राडोर येतो. त्याच्या घरच्या आजींनी मुलाला सांगितलं, "ह्याचं भुंकणं बदललंय, घसा बसल्यासारखं." मुलाला वाटलं वयाने. आजींनी हट्टाने आणायला लावलं. हलकी भूल देऊन पाहिलं तर श्वास आत घेताना स्वरयंत्राच्या पाकळ्या बाजूला होत नव्हत्या, दोन्ही लुळ्या. मागच्या पायांतही थोडी शक्ती कमी होती. हा मज्जातंतूंचा हळूहळू वाढणारा आजार आहे आणि स्वरयंत्रापासून तो आधी कळतो. एका बाजूची पाकळी टाका घालून कायमची उघडी बांधली. श्वास मोकळा झाला, पण ते दार आता पूर्ण मिटत नाही, त्यामुळे घास-पाणी छातीत जाण्याची जोखीम जन्मभर राहणार. म्हणून त्याला कोरडे दाणे द्यायचे नाहीत, भात-चिकन घट्ट मळून गोळे करून द्यायचे, एका वेळी एक. पोहायला न्यायचं नाही. गळ्यात पट्टा नाही, छातीला बांधायचा. फिरणं सकाळी सातच्या आत. आणि जेवताना खोकला आला, नाहीतर दुपारी तो नेहमीपेक्षा जोरात श्वास घेताना दिसला, तर संध्याकाळची वाट न बघता फोन करायचा. आजी ते सगळं एका वहीत लिहून घेतात आणि पुढच्या खेपेला वही घेऊनच येतात.